उजव्या सीटवरचा माणूस

विमान चालवायला शिकणं म्हणजे मुख्यतः बसून राहणं. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक मला ढगांबद्दल विचारतात. वरून सोलापूर कसं दिसतं, भीती वाटते का, आमच्या गच्चीवरून एकदा जा की, वगैरे. ढगांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे थोडं आहे. बसण्याबद्दल पुष्कळ आहे.

आमची फ्लाइंग स्कूल सोलापूरच्या बाहेर एका माळावर होती. डांबराची एक धावपट्टी, पत्र्याचं हँगर, चार खोल्यांची बैठी इमारत आणि तारेचं कुंपण. कुंपण ठिकठिकाणी वाकवलेलं, कारण आतलं गवत चांगलं होतं आणि आजूबाजूच्या शेरडांना ते ठाऊक होतं. दिवसाचं पहिलं विमान सुटण्याआधी एक जीप धावपट्टीवरून इकडून तिकडे जाई आणि शेरडं, कुत्री, कधी एखादं वाट चुकलेलं रेडकू हाकलून येई. जीप परत फिरली की शेरडंही परत फिरत.

उड्डाण सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात आमच्याकडचं ऊन असं की विमानही जड होतं. तापलेली हवा पातळ होते, पंख तिला नीट धरू शकत नाहीत, इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकतं. शिवाय जमिनीतून वाफा उठतात आणि विमान खडीच्या रस्त्यावरच्या टमटमसारखं उडतं. म्हणून दुपारी आम्ही पत्र्याखाली बसायचो, पुस्तकं उघडून, न वाचता. विमानं थोडी, शिकणारे जास्त. एखादं विमान दुरुस्तीला गेलं की सगळी रांग मागे सरके. पहाटे उठून, आवरून, गणवेश चढवून यायचं आणि संध्याकाळी चाकही न हलवता परत जायचं, असे दिवस मोजायचं मी लवकरच सोडलं.

माझं नाव लता. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. वडील, म्हणजे आमचे नायना, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर झोपेच्या वेळात, कामगारांची संघटना चालवतात. माझं बालपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. शाई पुरती वाळायच्या आत घड्या घालायच्या, त्यामुळे बोटं कायम काळी. वाचायलाही मी त्या कागदांवरच शिकले. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’, ‘याद राखा’, ‘यापुढे सहन केले जाणार नाही’. शाळेत ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहिला, त्याचा शेवट मी ‘आईच्या सर्व मागण्या तात्काळ मान्य झाल्याच पाहिजेत’ असा केला होता. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मुलं हसली. मला आजही त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलेलं नाही.

सरकारी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मी विमानात बसले. त्याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं नाही. नायना मला सोडायला आले तेव्हा त्यांनी माळावर उभं राहून सगळीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “इथं पाळी किती तासांची असते, बिड्डा?” मी म्हणाले, नायना, ही शाळा आहे. ते म्हणाले, “शिकवणारा कामगारच असतो ना?” मला तेव्हा लाज वाटली होती.

आमचे शिकवणारे म्हणजे हिरेमठ सर. अक्कलकोटच्या बाजूचे, आमच्याहून पाचसहा वर्षांनीच मोठे. मोठ्या कंपनीच्या विमानात नोकरी लागण्यासाठी हवेतला अनुभव लागतो, आणि तो मिळवायचा स्वस्त मार्ग म्हणजे शिकवणं. त्यामुळे बहुतेक शिकवणारे एक डोळा दाराकडे ठेवून शिकवतात. हिरेमठ सर तसे नव्हते. ते मनापासून शिकवत. मराठीत सुरू करत, घाई झाली की इंग्रजीत जात आणि जीव खालीवर झाला की कन्नडात. मी विमान वळवायचा दांडा घट्ट आवळला की म्हणत, “अय्यो, मेल्लगे, मेल्लगे. विमान उडवतीस का कढई घासतीस?” मेल्लगे म्हणजे हळू. वर्गातल्या एकालाही कन्नड येत नव्हतं, पण तो शब्द सगळ्यांना आला.

आमच्या लहान विमानात दोनच जागा. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे. सुरुवातीचं बरंचसं शिक्षण म्हणजे ‘सर्किट’: धावपट्टीवरून उठायचं, डावीकडे वळत वळत एक लांबट चौकोन पुरा करायचा, उतरायचं, पुन्हा उठायचं. घाण्याच्या बैलासारखं. कालव्याचं वळण आलं की एक काम, केळीची बाग आली की दुसरं, वीटभट्टीशी वळायचं, समोर धावपट्टी. स्वच्छ दिवशी लांबवर तलावाचं पाणी चकाकायचं, पण तिकडे बघायला सवड नसे.

या फेऱ्यांत सर सतत बोलत. नाक खाली, वेग बघ, उजवा पाय. शिकणारा जसजसा सुधारेल तसतसं सरांचं बोलणं कमी होई. आणि आमच्यात एक समजूत पक्की होती, पिढ्यानपिढ्या चालत आलेली म्हणावी इतकी पक्की: सर पूर्ण गप्प बसले की समजायचं, सोलो जवळ आला. सोलो म्हणजे पहिल्यांदा एकट्यानं विमान नेणं. त्या दिवशी उजवी सीट रिकामी असते. उतरलेल्या माणसाला सगळे मिळून बादल्यांनी भिजवतात. त्या बादलीसाठी आम्ही सगळे जगत होतो. संध्याकाळी मेसमध्ये पहिला प्रश्न हाच असे: “आज सर किती बोलले?”

करकंबचा दत्ता माझ्याच बॅचचा. घरी ऊस, ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली. तो लहानपणापासून ट्रॅक्टर चालवत आलेला, त्यामुळे यंत्राला अजिबात घाबरत नसे, आणि सरांना नेमकं त्याचंच भय वाटे. “माज्याशी लई बोलत्यात गं सर,” तो तक्रार करी. “रेडिओच लावल्यागत. ह्या जन्मात गप बसायचं न्हाईत.”

आणखी एक पद्धत सांगायला हवी. रोज सकाळी श्वासाची तपासणी होई, कोणी दारू प्यायलेलं नाही ना यासाठी. मग आम्ही सगळे, शिकणारे आणि शिकवणारे, ओळीत उभे राहायचो आणि मुख्य प्रशिक्षक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, एकेकाला विचारायचे, “फिट?” झोप झाली आहे, ताप नाही, डोकं ठिकाणावर आहे, असा त्या एका शब्दाचा अर्थ. उत्तर ठरलेलं: “फिट, सर.” कारण नाही म्हणणारा रांगेच्या शेवटी जाई. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिण्याची गरजही नव्हती. तोवर कोणी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मीही तापात फणफणत असताना ‘फिट’ म्हटलेलं आहे.

पावसाळ्यात फार दिवस वाया गेले होते. दिवाळीच्या सुमाराला हवा स्वच्छ झाली आणि स्कूलनं बुडालेलं सगळं उड्डाण भरून काढायला घेतलं. शिकवणाऱ्यांपैकी एक जण कंपनीत नोकरी लागून गेला होता, त्याच्या जागी कोणी आलं नव्हतं. त्याचे विद्यार्थी हिरेमठ सरांकडे आले. आता दुपारीही उड्डाणं होऊ लागली. शिकणारे बदलत, उजव्या सीटवरचा माणूस तोच. इंजिन बंद करायचं, एक उतरायचा, दुसरा चढायचा, सर तिथंच. चहा आम्ही खिडकीतून द्यायचो. घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ते मांडीवरच्या नकाशावर ठेवून खात.

त्या दिवशी संध्याकाळच्या रांगेत माझ्यानंतर दत्ता होता, आणि तो दिवसाचा शेवटचा.

मी चढले तेव्हा सरांनी मान हलवली, एवढंच. पहिल्या फेऱ्यांत ते थोडं पुटपुटले. वेग. हां. सरी, म्हणजे ठीक. मग उतरून पुन्हा उठलो आणि त्या फेरीत ते काहीच बोलले नाहीत.

कालव्याचं वळण आलं. मी जे करायचं ते केलं. सर गप्प. केळीची बाग आली. सर गप्प. सूर्य खाली आला होता, हवा तेलासारखी गुळगुळीत, विमान हातात असं बसलं होतं की मला नायनांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. कानातल्या यंत्रातून सरांचा श्वास ऐकू येत होता, शांत, लांब. मला वाटलं, बघ, किती निर्धास्त आहेत. वीटभट्टीपाशी मी वळले, समोर धावपट्टी आली, आणि धावपट्टीच्या अलीकडच्या तोंडाशी शेरडं होती. दहाबारा तरी असतील, पसरलेली.

“सर, शेरडं.”

उत्तर नाही. मला वाटलं, परीक्षा घेताहेत.

“सर, शेरडं आहेत, मी वर घेऊ?”

कानात लांब श्वास. मी मान वळवून पाहिलं. सरांची हनुवटी छातीला टेकली होती. तोंड किंचित उघडं. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर.

अशा वेळी काय करायचं ते शिकवलेलं असतं: उतरणं सोडून द्यायचं, पूर्ण ताकद द्यायची, वर निघायचं. मी तेच केलं. इंजिन गरजलं आणि त्या आवाजानं सर जागे झाले. डोळे उघडताच त्यांना समोर जमीन दिसली असणार. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी पोटाशी ओढला. नाक एकदम आकाशात. विमान असं ओढलं की पंखांची पकड सुटते आणि ते दगडासारखं पडतं. त्याआधी एक भोंगा वाजतो. तो वाजू लागला. मी दांडा पुढे ढकलत होते, ते मागे ओढत होते.

“सर, सोडा! विमान माझ्याकडे आहे! सर, मी आहे, लता!”

मी नाव का सांगितलं कोण जाणे. पण त्यांनी हात सोडले. नाक खाली आलं, भोंगा थांबला. शेरडं आमच्या खालून पळाली. थोड्या वेळानं ते म्हणाले, “आता मी घेतो,” आणि पुढची फेरी त्यांनी स्वतः नेली आणि असं उतरवलं की चाक टेकलेलं कळलं नाही.

हँगरसमोर इंजिन बंद झालं. सर समोरच्या काचेकडे बघत होते.

“सर, दत्ताला घेऊ नका,” मी म्हणाले.

“त्याला दोन आठवडे झाले थांबून.”

“सर, तुम्ही झोपला होता.”

“माहितेय गं.” मग हळूच, “आता नाही येणार झोप. अशा भीतीनंतर येते का?”

दत्ता हेडसेट गळ्यात अडकवून येतच होता. लांबून त्याला फक्त एवढंच दिसलं होतं की मी उतरता उतरता वर गेले. त्यानं माझ्या बाजूचं दार उघडलं.

“काय लताबाई, शेरडांनी वाचीवलं का? सर गप हुते का? व्हय? मग पेढे काढ! आनि उतर की आता, उन्हं चालली.”

मी पट्टा सोडला नाही. “दत्ता, आज नको जाऊस.”

“का?”

“सर थकलेत.”

“आन् आमी काय पाटावर बसून हाय? उतर की. तुजं झालं, आता माजं हाय.”

“मी उतरत नाही.”

हे मी ठरवून म्हटलं नाही. पण म्हटल्यावर मला कळलं की हेच आहे ते. आयुष्यभर ज्या कागदांच्या घड्या घातल्या त्यातली एकही ओळ आठवत नव्हती. फक्त एवढंच कळत होतं की या विमानात डावीकडे एकच जागा आहे आणि त्यात मी बसलेले आहे.

दत्ताचा आवाज ऐकून मोठे सर इमारतीतून आले. वायुदलातून निवृत्त झालेला, ताठ माणूस. विमानाचं भाडं कोण भरतं, शिस्त म्हणजे काय, इतर मुलांनी काय करायचं, हे सगळं त्यांनी विचारलं आणि त्यातलं काही खोटं नव्हतं.

“सर, हिरेमठ सरांना आता विश्रांती हवी,” मी म्हणाले.

“हे तू ठरवणार?” ते वाकले आणि माझ्या पलीकडे बघत म्हणाले, “हिरेमठ, फिट?”

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी सांगावं म्हणून मी मनातल्या मनात ज्याच्या त्याच्या पाया पडले.

“फिट, सर,” हिरेमठ सर म्हणाले.

मला आजवर त्यांचा राग आलेला नाही. तो शब्द त्यांनी उच्चारलाच नाही, तो आपोआप निघाला, ठेचकाळल्यावर ‘आई’ निघतं तसा.

“ऐकलंस? उतर. हा एसटी स्टँड नाही, हातरुमाल टाकून जागा धरायला.”

“नाही उतरत, सर.”

“सोलो विसर मग. रांगेच्या शेवटी जाशील.”

“जाते.”

ते मला ओढून काढू शकले असते. दत्तानं तर बाही वर सरकवलीच होती. पण मोठ्या सरांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, “बसू दे. बघू किती वेळ बसते,” आणि आत निघून गेले. हिरेमठ सर वर झोपले होते हे मी मोठ्या सरांना त्या वेळी सांगितलं नाही. एका शब्दात काम झालं असतं. पण तो शब्द सरांचा होता, तो माझ्या तोंडून जावा असं मला वाटेना. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

पुढे काय झालं ते इथंच सांगते, कारण ते फार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओळीत मोठ्या सरांनी विचारलं, तेव्हा हिरेमठ सर म्हणाले, “नाही, सर.” मग त्यांनी कालचं सगळं स्वतः सांगितलं, एखादा दुसऱ्याचं सांगतो तसं. त्यांना मोठ्या रजेवर पाठवलं. रजा संपली तरी ते आले नाहीत. उत्तरेतल्या कुठल्याशा स्कूलमध्ये शिकवतात असं ऐकते. आमच्याकडे काही आठवडे दुपारची उड्डाणं बंद राहिली. मी त्यावर एक लांबलचक निवेदन लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या, ते नोटीस बोर्डावर लागलं आणि उन्हानं पिवळं पडलं. मग परीक्षा जवळ आल्या आणि दुपारची उड्डाणं पुन्हा सुरू झाली. सह्या करणाऱ्यांनीच मागणी केली होती. मला रांगेच्या शेवटी टाकलं ते टाकलंच. माझा सोलो बॅचमध्ये सगळ्यांच्या मागून झाला, बादल्या ओतायला दोघंतिघंच उरले होते.

आता त्याच स्कूलमध्ये मी स्वतः उजव्या सीटवर बसते. दुपारी तीनच्या सुमाराला, चौथा मुलगा डावीकडे चढतो तेव्हा, कालव्याचं वळण आलं की माझ्याही पापण्यांवर कोणीतरी गरम हात ठेवतं. मी नाही म्हणते. म्हणून मला मुलं कमी मिळतात आणि माझे हवेतले तास इतरांहून मागे आहेत. कामगारांच्या मुलीला याचं आश्चर्य वाटायला नको. पण थकवा येतो, तो उड्डाणाचा नाही, रोज तेच नव्यानं म्हणण्याचा.

पण मला त्या संध्याकाळबद्दल सांगायचं होतं.

मी बसून राहिले. आमच्याकडे सूर्य मावळला की लहान विमानं उडत नाहीत, त्यामुळे मला काही जिंकायचं नव्हतं, फक्त उजेड संपेपर्यंत टिकायचं होतं. दत्ता बाहेर येरझाऱ्या घालत होता. मध्येच पंखाखाली येऊन तो मला जे काही बोलला ते करकंबच्या बाजारातही मोठ्यानं बोलत नसतील. माझ्या बापाची संघटना, माझी शिष्यवृत्ती, सगळं निघालं. “लई शानी हायस! तुज्या पत्रकात छाप आता, दत्त्याचं वाटोळं केलं म्हनून!” मला रडायला येत होतं, पण पट्टा आवळलेला असला की नीट रडताही येत नाही.

मग तो शेवटचं भांडायला माझ्या खिडकीशी आला, सूर्य वीटभट्टीच्या धुरात उतरला होता, त्यानं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तो माझ्या पलीकडे बघत होता.

हिरेमठ सर झोपले होते. उभ्या विमानात, पट्ट्यासकट, डोकं दाराच्या काचेला टेकवून. अशा भीतीनंतरही झोप येते. तोंडातून लाळेची एक बारीक रेघ कॉलरवर उतरली होती.

दत्तानं वाकून पुन्हा आत पाहिलं. मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, “वर बी?”

मी मान हलवली.

त्यानं गळ्यातला हेडसेट काढला आणि वायर गुंडाळत बसला. खूप नीट गुंडाळली. मग हँगरमधून ओढायचा दांडा घेऊन आला आणि पुढच्या चाकाला लावला. “उतर,” तो म्हणाला, पण आता वेगळ्या आवाजात. “दार आपटू नगंस.”

मी उतरले. दार मी हातानं धरून लोटलं. तो पुढून ओढू लागला, मी पंखाच्या आधाराला खांदा लावून ढकलू लागले. विमान हलकं असतं, पण त्या दिवशी त्यात एक माणूस होता. हँगरच्या उंबऱ्याला लोखंडी पट्टी आहे, तिथं चाक दणकतं. दत्तानं आपला शर्ट काढून तिच्यावर अंथरला. चाक वर चढलं, आवाज न करता उतरलं. आम्ही विमान आत, भिंतीपर्यंत नेलं आणि तिथंच शेजारी जमिनीवर बसलो. उठवावं असं दोघांनाही वाटेना.

अंधार पुरता झाल्यावर आतून धडपड ऐकू आली. सर जागे झाले होते आणि काचेसमोरच्या काळोखात हातांनी काहीतरी शोधत होते.

“धावपट्टी कुठाय?” ते ओरडले. “लता, धावपट्टी दिसत नाही मला!”

दत्ता उठला. त्यानं दार उघडलं आणि सरांच्या मांडीवर हात ठेवला.

“उतरलाव सर,” तो म्हणाला. “मघाच उतरलाव. हँगरात हाय आपन.”